नसलेली चीर

फर्मच्या मालकाने, वॉल्टर ब्रेनरने, ग्लास उंचावला आणि तो म्हणाला, "तर मंडळी, आपल्या नव्या भागीदाराला शुभेच्छा. डेरिक, हे फार आधीच व्हायला हवं होतं!" ज्याला भागीदार केलं होतं तो लायनेल टॉलिव्हर हसला. हसू आधी आलं आणि अर्थ मागून आला. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी ग्लास उचलले, काचा किणकिणल्या, आणि त्या आवाजात ते चुकीचं नाव बुडून गेलं. निदान बुडालं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. फक्त हिशेबखात्यातली एक बाई एकदम आपल्या ताटलीतल्या सॅलडकडे बघू लागली. "थँक यू, वॉल्टर," लायनेल म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला नीट, भरदार ऐकू आला. डेरिक ओडम ही फर्म सोडून गेला त्याला कितीतरी वर्षं झाली होती. लायनेलपेक्षा वीतभर बुटका, डोक्याला टक्कल, बोलायला लागला की अख्ख्या मजल्याला ऐकू जाणार. दोघांत साम्य असं एकच होतं. पिट्सबर्गमधल्या या पूल बांधणाऱ्या आणि पूल तपासणाऱ्या फर्ममध्ये काळे इंजिनिअर आजवर दोनच झाले होते, एक डेरिक आणि दुसरा लायनेल.

राग आला नाही. याचंच त्याला जरा नवल वाटलं. समोर कोंबडीचा तुकडा होता, त्यावर पांढरा रस्सा होता, आणि तो तुकडा कापताना लायनेल दूर उभा राहून स्वतःकडे बघत होता. जे आलं होतं ते सुटकेसारखं काहीतरी होतं. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या जागेवर डॉक्टरने अखेर बोट ठेवावं आणि आजाराचं नाव सांगावं, तसं. म्हणजे भागीदार झालेला माणूस आपण नव्हेच. खुर्ची एक होती आणि तिच्यात कुणीतरी एक बसायचा होता. तोतयाचं सोंग दरबारात सगळ्यांच्या देखत उघडं पडावं आणि तरीही कुणी त्याला गादीवरून उठवू नये, उलट पान-सुपारी पुढे करावी, तेव्हा त्याने काय करायचं? वॉल्टर माणूस वाईट नव्हता. लायनेलचे वडील वारले तेव्हा हा माणूस एकटा गाडी चालवत त्यांच्या वस्तीच्या छोट्या चर्चमध्ये आला होता, घामाने भिजलेल्या शर्टात शेवटच्या बाकावर शेवटपर्यंत बसून राहिला होता, आणि लायनेलच्या आईचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटला होता. अशा माणसावर रागावायलाही धड जागा सापडत नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू करायच्या आधी त्याने डेरिकला फोन लावला. डेरिकने आता दक्षिणेत शार्लटला स्वतःचं छोटंसं ऑफिस काढलं होतं.

"कोण, लायनेल? अरे, आहेस का जिवंत?"

"मला आज भागीदार केलं."

"वा! उशीर केला म्हाताऱ्यानं, पण केलं एकदाचं."

"ग्लास उचलून त्यानं तुझं नाव घेतलं."

पलीकडून डेरिकचं ते जुनं, मजला हलवणारं हसणं ऐकू आलं. "म्हणजे भागीदार मी झालो! मग माझी खोली कुठली? खिडकीतून नदी दिसते ना? आणि तू काय म्हणालास?"

"थँक यू म्हणालो."

"माझ्या वतीनं?"

"हो. तुझ्या वतीनं."

डेरिक हसायचा थांबला. "ऐक. त्याची जीभ घसरली. उताराच्या बाजूलाच घसरली, हे खरंय. पण ते लचांड त्याचं आहे. तू कशाला ते उचलून घरी नेतोयस?"

"नेत नाही."

"नेतोयस. मला फोन केलास म्हणजे नेतोयसच."

बोगद्यात गाड्या तुंबल्या होत्या. पिवळ्या फरश्यांवर समोरच्या गाड्यांचे लाल दिवे पसरले होते आणि लायनेल मनाने एका जुन्या ऑफिसात उभा होता. विद्यापीठातलं प्रोफेसर लिंडक्विस्टचं ऑफिस. बाहेर बर्फ, आत वाफेच्या नळांची ऊब, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. वर्गात सगळ्यांत जास्त गुण त्याला पडले होते आणि लिंडक्विस्टने त्याला बोलावून घेतलं होतं. "बस. गोळी घे. मनात काही आणू नकोस हं, पण हे शेवटचं गणित जरा इथं फळ्यावर पुन्हा करून दाखवशील? तुझी पद्धत मला थोडी वेगळी वाटली." लायनेलने खडू घेतला. तोंडातली गोळी विरघळेपर्यंत गणित सुटलं होतं. लिंडक्विस्टने मान डोलावली, हात मिळवला, पुढे नोकरीच्या वेळी त्याच्याबद्दल चार चांगले शब्दही लिहिले. कुणी अपमान केला नव्हता. ही गोष्ट सांगायची म्हटली तर सांगण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. पण त्या फळ्यासमोरून लायनेल पुढे कधी हललाच नाही. जे काही केलं ते त्याने आधी स्वतःला पुन्हा करून दाखवलं, मग तिसऱ्यांदा, आणि मगच टेबलावर ठेवलं.

त्याच्याही आधीचं काही होतं. वडील पोलादाच्या गिरणीत क्रेन चालवायचे. दुकानातून बाहेर पडताना ते लायनेलच्या हातात पावती द्यायचे आणि म्हणायचे, "हातात धर. खिशात नाही, पिशवीत नाही. दिसली पाहिजे, कुणी चोर म्हणायला नको." हातात पावती धरून दाराबाहेर पडणं ही लायनेलला लहानपणी जगाची रीतच वाटायची, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघावं तशी. कॉलेजात आल्यावर त्याने एका गोऱ्या मित्राला दुकानाच्या दारातच पावतीचा बोळा करून डब्यात फेकताना पाहिलं आणि आता कुणीतरी त्याला अडवेल म्हणून तो दारातच थबकला. मित्र शीळ घालत पुढे गेला होता. लायनेलची आकडेमोड म्हणजे त्या पावत्याच होत्या. जिथे इतर जण पाच-सहा कागद जोडत तिथे तो गठ्ठा जोडायचा. "लायनेलचं काम म्हणजे चिरेबंदी," असं वॉल्टर गिऱ्हाइकांना सांगायचा. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. यात अभिमान कमी आणि थकवा जास्त होता. काठोकाठ भरलेलं भांडं घेऊन आयुष्यभर चालत राहिलेल्या माणसाचा थकवा.

भागीदार झाल्यावर पहिला फरक पडला तो असा की अहवालाच्या शेवटी आता त्याचा शिक्का लागू लागला. आधी वरती वॉल्टर होता. आता वरती कुणी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ट्रेंट केसलरने एक तपासणी-अहवाल आणून टाकला. ट्रेंट फर्ममधला तरुण इंजिनिअर, नेहमी घाईत, शर्टाचं एक टोक बाहेर. त्याने एकदा दिवसभर खपून भलताच पूल मोजून आणला होता, आणि ख्रिसमसच्या पार्टीत ती गोष्ट त्यानेच रंगवून सांगितली होती. लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. लायनेलही हसला होता, आणि हसता हसता, हीच गोष्ट आपण आपल्याबद्दल सांगितली असती तर कुठल्या वाक्यापर्यंत लोक हसले असते, याचा अंदाज घेत होता.

अहवाल लार्च हिलच्या पादचारी पुलाचा होता. लार्च हिल म्हणजे त्याच्या आईची वस्ती, तो वाढला ती टेकडी. खाली घळीतून रेल्वेचे रूळ जातात, पलीकडे बसथांबा, दुकानं, चर्च. मधला हा जुना पोलादी पूल नसेल तर टेकडी उतरून, रुळांखालून वळसा घालून पुन्हा चढ चढावा लागतो. पूल दोन्ही बाजूंना जाड पट्ट्यांवर टांगलेला आहे आणि प्रत्येक पट्टीच्या टोकाच्या भोकातून एक जाडजूड खिळा गेलेला आहे. ट्रेंटच्या एका फोटोत अशाच एका भोकाच्या कडेपासून बाहेर गेलेली तपकिरी रेघ होती. केसाएवढी. लायनेलने फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग तो तिथे गेला.

शिडीच्या गाडीने त्याला टोकाच्या मोठ्या बादलीत उभं करून पुलाच्या बाजूला वर नेलं. झाडांची पानं पिकून गळत होती, रुळांवर ओल होती. लायनेलने रेघेवर टॉर्च धरली. नख फिरवलं. नख अडकल्यासारखं वाटलं. पुन्हा फिरवलं, तेव्हा वाटलं नाही. डोक्यावरून पावलं जात होती, फळ्या किंचित दबत होत्या, आणि प्रत्येक पावलासरशी ते पोलाद कण्हतंय असं त्याला ऐकू येत होतं. कठड्यावरून एक चेहरा वाकला. आईची चर्चमधली मैत्रीण, ओरा ली सिम्स. जांभळी टोपी, हातात काठी.

"एर्नेस्टीनचा मुलगा ना रे तू? तिथं काय करतोयस लटकून?"

"पूल बघतोय, सिम्सबाई."

"बघ, बघ. इतकं शिकलास आणि शेवटी बादलीत उभं केलं होय तुला!" आणि त्या हसत काठी टेकत निघून गेल्या. लायनेल त्यांची पावलं पलीकडच्या काठावर पोहोचेपर्यंत ऐकत राहिला.

त्याने खाली उतरून ट्रेंटला फोन केला. ट्रेंट म्हणाला, "ती रेघ? रंगाचा ओघळ असेल हो. मी नीट पाहिली होती." मग वॉल्टरला. वॉल्टर मुलीकडे गेला होता, मागे नातवंडांचा गोंधळ चालू होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

"नक्की सांगता येत नाही. रंग खरवडून यंत्र लावून बघायला हवं. रेल्वेची परवानगी मिळायला काही आठवडे जातील."

"ते कळलं. पण तुला काय वाटतं?"

या प्रश्नाखाली आकडे नव्हते. पट्टी धड असेल तर पूल अजून नातवंडांच्या पिढीलाही पुरेल, आणि चीर असेल तर उद्या सकाळी कामाला निघालेल्या माणसांसकट खाली येईल. दोन्हींच्या मध्ये फक्त लायनेलचं नख होतं. "शिक्का तुझा आहे," वॉल्टर प्रेमाने म्हणाला. "तू म्हणशील तसं." लायनेलने फोन ठेवला आणि घळीकडे बघत बराच वेळ गाडीला टेकून उभा राहिला. बंद केला आणि काही निघालं नाही, तर लोक म्हणतील, भागीदार झाल्याबरोबर घाबरला. उघडा ठेवला आणि काही झालं तर... हे वाक्य तो पुरं करत नव्हता. त्याला एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसली आणि ती आवडली नाही. बंद करायचा विचार वरून चालणाऱ्या माणसांसाठी येतो आहे, की आपल्या शिक्क्यासाठी, हे त्याला वेगळं करता येत नव्हतं. त्याने शहराच्या कचेरीला कळवलं. अंधार पडायच्या आत दोन्ही टोकांना जाळीचं कुंपण उभं राहिलं.

रविवारी दुपारी आईचा फोन आला.

"लायनेल, त्या शहरात इंजिनिअर म्हणून कोण बसलंय रे? आमचा पूल बंद केला कुणा गाढवानं!"

"आई, ऐक..."

"तू ऐक. ओरा ली खालून वळसा घालून आली. चर्चमध्ये पोहोचली तेव्हा शेवटचं गाणं चालू होतं. गोऱ्यांच्या वस्तीत असा पूल बंद ठेवला असता का? एव्हाना दुरुस्त करून वर फुलांच्या कुंड्या टांगल्या असत्या! कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"आई, ते गाढव मी आहे."

तिच्याकडचा टीव्ही चालू होता. कुणीतरी काहीतरी जिंकलं आणि टाळ्या वाजल्या.

"तू?"

"मी."

"मग कारण असेल."

"चीर असावी असं वाटतंय."

"वाटतंय की आहे?"

"वाटतंय."

"हं." टाळ्यांचा आवाज कमी झाला, तिने टीव्ही बारीक केला असावा. "आत्ता कुणाला सांगू नकोस. मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्यात."

परवानगी यायला लागायचा तेवढा वेळ लागला. लायनेल ऑफिसात जायचा, शांतपणे बोलायचा, बैठकीत दुसऱ्यांच्या चुका हळुवार शब्दांत दाखवायचा. त्याच्या बायकोने, रोझलिनने, एकदा जेवताना विचारलं, "हात का चोळतोयस सारखा?" तेव्हा त्याने खाली बघितलं. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तो तर्जनीने घासत होता. मधूनच त्याच्या मनात विचित्र इच्छा उठायची, चीर असू दे. पोलाद फाटलेलं असू दे. आपण ज्या पुलावरून शाळेत गेलो तो पूल मोडका निघू दे. या इच्छेकडे तो दूरच्या माणसाकडे बघावं तसं बघायचा. आपण बरोबर ठरावं म्हणून या माणसाला लोकांच्या पायांखालचं पोलाद तुटलेलं हवंय, असं त्याच्या लक्षात यायचं, आणि तो कागदांत मान घालायचा.

मग ओल्या पानांवरून खालच्या रस्त्याला सिम्सबाई घसरून पडल्या. मनगट मोडलं. आईने हे फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि लगेच हवेबद्दल बोलू लागली. लायनेल हॉस्पिटलात जाऊन आला. सिम्सबाई औषधाच्या गुंगीत होत्या, जांभळी टोपी खुंटीला अडकवलेली होती. त्याने खुर्ची ओढली, थोडा वेळ बसला, खुर्ची जागेवर ठेवली आणि निघाला.

परवानगी आली त्या दिवशी घळीत ऊन होतं. यंत्र चालवणारा माणूस आणि लायनेल एका बादलीत, ट्रेंट खाली. त्या माणसाने रंग खरवडला. एक थर, दुसरा थर, त्याखाली कुठल्यातरी जुन्या काळाचा हिरवा रंग. हिरव्या रंगाला एक सुरकुती पडली होती आणि त्या सुरकुतीतून पाणी झिरपून गंजाची रेघ उमटली होती. सुरकुती निघून गेली तसं खालचं पोलाद उघडं पडलं, राखाडी, गुळगुळीत. यंत्र टेकवलं, सरकवलं, पुन्हा टेकवलं. "काही नाही," तो माणूस म्हणाला. "सगळीकडून बघा," लायनेल म्हणाला. त्याने सगळीकडून बघितलं. "साहेब, यात काही नाही. चांगली आहे पट्टी."

खालून रेल्वे गेली. डब्यांमागून डबे, कोळशाचे, रिकामे. लायनेलने त्या उघड्या पोलादावर हात ठेवला. ते थंड होतं. झालं, त्याच्या मनात आलं, आता कळलं सगळ्यांना. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे. त्याने वाट बघितली. आता काहीतरी कोसळेल म्हणून. पण डबे जात राहिले, आणि त्याला एवढंच जाणवलं की बूट घट्ट होताहेत. खाली उतरल्यावर ट्रेंट म्हणाला, "बरं झालं ना! पूल चांगला आहे." लायनेलने त्या वाक्याची बारीक तपासणी केली. टोमणा कुठे दडलाय ते शोधलं. टोमणा नव्हता. ट्रेंटला खरोखरच बरं वाटलं होतं आणि त्याला भूक लागली होती.

वॉल्टरने ऐकलं आणि तो म्हणाला, "मग उघडा. आणि काय!" मग खुर्चीत मागे रेलून तो सांगू लागला, "मी नवीन होतो तेव्हा एका पुलाचा जिना नकाशात उलट्या बाजूला काढला होता. थेट नदीकडे तोंड करून. कंत्राटदारानं मुकाट्यानं बांधला! अजून आहे तो. कुठंच जात नाही. नातवंडांना दाखवायला नेतो मी." आणि तो खदखदून हसला.

"तेव्हा तुम्हाला झोप लागली होती?" लायनेलने विचारलं.

"कधी?"

"जिना बांधून झालेला पाहिलात त्या दिवशी."

वॉल्टरला प्रश्नच कळला नाही. त्याच्या भल्या, लालसर चेहऱ्यावर खरीखुरी अडचण दिसली. "का नाही लागणार?" तो म्हणाला. लायनेल त्याच्याकडे बघत राहिला. या माणसाला कधी कुणी फळ्यासमोर बोलावलं नव्हतं. त्यात त्याचा दोष नव्हता. नदीकडे जाणारा एक जिना बांधून हा माणूस घरी गेला होता, जेवला होता, झोपला होता, आणि पुढे फर्मचा मालक झाला होता. लायनेलला प्रथमच त्याचा सपाटून राग आला. स्वच्छ, साधा राग. नाव चुकल्यावर न आलेला. आणि राग आल्यावर जरा मोकळं वाटलं.

शहराच्या कचेरीने रहिवाशांची सभा ठरवली होती, आईच्याच चर्चच्या तळघरात, रविवारच्या प्रार्थनेनंतर. वाचून दाखवायला एक कागद तयार करून पाठवला होता. खबरदारीचा उपाय म्हणून पूल तात्पुरता बंद ठेवण्यात आला होता, तपासणी यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे, वगैरे. "ट्रेंटला पाठव," वॉल्टर म्हणाला. "तुझ्या ओळखीची माणसं तिथं. उगीच अवघड होईल."

"मी जातो," लायनेल म्हणाला.

तळघरात तळलेल्या माशांचा आणि मक्याच्या पावाचा वास भरला होता. मागच्या टेबलावर भांडी झाकून ठेवली होती. पुढच्या रांगेत आई मांडीवरच्या पर्सच्या कडीशी चाळा करत बसली होती, तिच्या शेजारी सिम्सबाई, हात गळ्यात. लायनेलने कागद उघडला आणि पहिलं वाक्य वाचलं. पोस्टातून निवृत्त झालेला क्लीव्हन ग्रॅडी मागून ओरडला, "ते राहू दे! बंद कुणी केला ते सांग!"

"मी केला."

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी म्हणालं, "एर्नेस्टीनच्या मुलानं?" आईने पर्सची कडी लावली, उघडली, लावली.

"मला वाटलं पट्टीला चीर आहे," लायनेल म्हणाला. कागद त्याने खाली ठेवला होता; कधी ठेवला ते त्याला आठवेना. "नव्हती. रंगाला सुरकुती पडली होती. पूल पहिल्यापासून चांगला होता. मी चुकलो."

लायनेलला आपलं वाक्य त्या बसक्या छताखाली फिरताना ऐकू येत होतं. आता पुढे काय असतं हे त्याला माहीत नव्हतं. या वाक्याच्या पुढे तो कधी गेलाच नव्हता.

"म्हणजे मी पडले ती फुकटच?" सिम्सबाईंनी विचारलं.

एक-दोघं हसली आणि गप्प झाली.

"हो, सिम्सबाई. फुकटच पडलात. त्याचं मला फार वाईट वाटतं."

"वाटायलाच हवं." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "त्या दिवशी बादलीतून बघत होतास, तेव्हा मी डोक्यावर उभी होते तुझ्या. तेव्हा तुला कळत नव्हतं?"

"नव्हतं कळत."

"आणि परत तसंच काही दिसलं तर?"

उत्तर आधी दोनदा करून बघायला वेळ नव्हता. "परत बंद करीन."

"आणि परत काही निघालं नाही तर?"

"तर परत इथं येऊन सांगीन."

सिम्सबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर माफी वगैरे काही नव्हती. "येशील ना पण," त्या म्हणाल्या, "तर जरा लवकर ये. एवढे आठवडे काय करत होतात तुम्ही सगळे?"

"रेल्वेची परवानगी," लायनेल म्हणाला, आणि मग त्याला ती परवानगी समजावून सांगावी लागली. ती समजावताना क्लीव्हनने मध्येच खालच्या रस्त्याच्या दिव्यांचं विचारलं. कुणीतरी पायऱ्यांवरच्या पानांचं, ती झाडायची कुणी. मागून एका बाईने विचारलं, "मग तो पूल अजून किती वर्षं टिकेल?" "माहीत नाही," लायनेल म्हणाला, "बघावं लागेल." ते शब्द त्याच्या तोंडातून इतके सहज गेले की तो त्यांच्याकडे वळून बघेपर्यंत पुढचा प्रश्न आला होता. मासे थंड झाले. आईने उठून झाकणं काढली आणि कुणालाच न विचारता ताटल्या भरायला घेतल्या. त्याच्या ताटलीत तिने रताळ्याच्या गोड सारणाचा तुकडा दोनदा वाढला आणि शेजारच्या बाईला जरा मोठ्याने सांगितलं, "माझ्या मुलाचीच सही लागते आता."

बाहेर पडताना क्लीव्हन ग्रॅडीने त्याचं कोपर धरलं. "माझ्या घरामागची भिंत पुढे झुकलीये. चल, दाखवतो. शहरवाले येत नाहीत आणि भिंत थांबत नाही."

घर दोन वळणांवर होतं. मागे टेकडीचा उतार अडवणारी विटांची भिंत, छातीएवढी, मधोमध पोट आलेलं. दुपारचं थंड ऊन तिच्यावर पडलं होतं. लायनेलने तिच्यावरून हात फिरवला. खाली वाकून पाहिलं. वरून, बाजूने पाहिलं.

"काय म्हणतोस?" क्लीव्हन म्हणाला. "पडेल?"

"माहीत नाही. पाया बघायला हवा. पायथ्याशी खणावं लागेल."

क्लीव्हनने शेडमधून फावडं आणलं आणि त्याच्या हातात दिलं. "मग खण की. माझी कंबर गेलीये."

लायनेलने कोट काढून कुंपणावर टाकला, टाय शर्टाच्या आत खोचला. भिंतीला हात टेकून त्याने जागा निवडली. ती योग्य असेल किंवा नसेल. त्याने फावड्यावर बूट ठेवला आणि जोर दिला.